तुळस लागलेल्या भाकरी

"अन्न कुणाच्याबी चुलीवरचं असू दे गं माले, त्याच्यावर तुळशीचं पान ठेव. मग ते देवाचं झालं. आन् देवाचं झालं की कुणाच्या घरचं म्हणून इचारायचं न्हाई."

माझी आई केसरबाई हे सांगायची. धारूरला आमच्या दारावरून गडावर जाणारी वाट होती, आणि वाटेनं जाणारा कुणी ना कुणी रोज आमच्या ओट्यावर टेकायचा. तो फडक्यातलं काही काढून पुढं करायचा, आई आपल्यातलं द्यायची. दोन्हीवर पान ठेवायची. ती गेली, पण तिचं हे सांगणं माझ्या हातात राहिलं. तिच्यासारखीच मी एकभुक्त राहते. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला, माळ ओढून झाली की मगच पानावर बसते. आणि जे अन्न माझ्या हातून दुसऱ्याकडे जातं त्याच्यावर तुळशीचं पान ठेवते. ठेवायचं म्हणून ठेवत नाही, हातच जातो. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या पानामुळं झालं.

मला दिंद्रुडच्या अलीकडल्या गावात दिली. दर रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. एका संस्थेनं पुस्तकांची पेटी दिली होती, ती वर्गात कुलपात पडून होती. हेडमास्तरांनी किल्ली माझ्याकडे दिली, म्हणाले, "वैनी, तुमाला वाचनाचा नाद हाय, तुमीच बघा." तेव्हापासून मुलं येतात. माझ्या दिराची राजनंदिनी येते, गल्लीतल्या पोरी येतात, आणि वेशीबाहेरच्या मातंग वस्तीवरून अंजू येते. अंजू सहावीत. तिचे आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. बोलते कमी. पुस्तक वाचून झालं की पानं सरळ करून तीच पेटीत ठेवते.

फाल्गुन सरत आला होता तेव्हा मी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट वाचून दाखवली. खरी घडलेली, आमच्या आई-वडिलांच्या वेळची. तिकडं एका शहरात मोठं दुकान होतं. काळ्या माणसांनी त्या दुकानात यावं, वही घ्यावी, साबण घ्यावा, पैसे द्यावेत, कुणाचं काही म्हणणं नसे. पण त्याच दुकानात एका बाजूला खाण्यापिण्याचं लांब टेबल होतं, तिथं स्टुलावर त्यांनी बसायचं नाही. एक दिवस कॉलेजात शिकणारी चार काळी पोरं तिथं जाऊन बसली आणि त्यांनी कॉफी मागितली. कुणी दिली नाही. त्यांनी भांडण केलं नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी पोरं घेऊन पुन्हा आली.

"साबणाचे पैसे घेतलते का त्यांचे?" राजनंदिनीनं विचारलं.

"घेतले होते."

"मग कॉफीचे कावून न्हाई घेतले?"

"पैशाचं नव्हतं बाळा ते. शेजारी बसून खाण्याचं होतं."

"लई वंगाळ लोकं हायेत तिकडं," ती म्हणाली. "आपल्याकडं असलं न्हाई बाई काई."

मी काही बोलणार तोच अंजू खालमानेनं म्हणाली, "आमच्या ज्वारीसारखं हाय हे."

"कोणच्या ज्वारीसारखं?"

"सप्त्याला आमच्या गल्लीची ज्वारी घेतात. डाळ घेतात. भाकरी न्हाई घेत."

मग राजनंदिनीनं तिला समजावून सांगितलं, "ते तुमी लांब राहता म्हणून. इथवर येईस्तोवर भाकरी गार व्हती ना."

"शेतात राहतात त्यांच्या आखाड्यांवरनं येतात की भाकरी. आखाडे तर आमच्याहून लांब हायेत."

राजनंदिनीनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "खरंच की," ती म्हणाली. "मी आजीला इचारते."

"नको," मी म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले.

आमच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ता असतो. मारुतीच्या देवळामागं मोठ्या कढईत आमटी होते आणि भाकरी घराघरातून येतात. रोज एकेका गल्लीची पाळी, आणि शेवटी काल्याच्या दिवशी सगळ्या गावाची. बायका टोपली घेऊन येतात आणि पांढऱ्या धोतरावर भाकरी ओततात. कमरेइतका ढीग होतो. कुणाची भाकरी कुणाच्या पानात गेली हे कुणी विचारत नाही, म्हणून तर त्याला महाप्रसाद म्हणतात. वस्तीवरून मात्र शिधा येतो. कोरडा. कोरड्या धान्याला काही होत नाही, तव्यावरून उतरलं की होतं. असं कुणी तोंडानं म्हणत नाही हं. विचारलं तर म्हणतात, पहिल्यापासून तसंच हाय. वस्तीची माणसं दिंडीपुढं हलगी वाजवतात, देवळात येतात, पाया पडतात. जेवायला शेवटच्या पंगतीला बसतात. त्यांना शेवटी बसा असंही कुणी सांगत नाही.

त्या दिवशी मुलं गेल्यावर अंजू मागं राहिली. मी वर्गाला कुलूप लावत होते.

"काकू, मी भाकरी करून आणली तर? मला येतात. आजी म्हणती, आईपरीस गोल येतात."

मी कुलूप ओढून बघितलं. बसलं होतं, तरी पुन्हा ओढलं. "आण," मी म्हणाले.

"ओतू देतील?"

"माझ्या टोपल्यातून येतील तुझ्या भाकरी."

तिनं विचार केला. "आन् कुणी खाल्ल्याच न्हाईत तर?"

"मी खाईन. काल्याच्या दिवशी माझा उपास तुझ्या भाकरीवर सुटेल. हा माझा शब्द."

तिनं माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं आणि मान हलवली. मुलं शब्दावर विश्वास ठेवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही विशेष दिसत नाही. ती पायरीवरून उडी मारून पळाली.

घरी जाताना मला हायसं वाटत होतं. त्या पोरांसारखं टेबलाशी जाऊन बसण्याचं बळ माझ्यात नाही, हे मला माहीत होतं. माझा आवाजसुद्धा देवळात मागच्या ओळीपर्यंत पोचत नाही. पण ढिगात भाकरी मिसळायला आवाज कशाला लागतो? एकदा मिसळली की ती सगळ्या गावाची. असं मी धरून चालले होते.

काल्याच्या दिवशी सकाळी अंजू शाळेच्या कोपऱ्यावर उभी होती. धुतलेला फ्रॉक, वेण्यांना रिबिनी. छातीशी फडक्यात बांधलेल्या भाकरी धरल्या होत्या.

"आताच उतरवल्यात," ती म्हणाली. "आई म्हणत होती नको नेऊ. मी म्हणलं, काकूनं सांगितलंय."

"आई आली का तोडीवरून?"

"परवा आली."

मी फडकं हातात घेतलं. ऊन होतं. आत भाकरींना घाम सुटला होता. खरंच गोल होत्या, कडा कुठं चिरलेली नाही. त्या मी टोपल्यात माझ्या भाकरींवर ठेवल्या आणि देवळाकडे निघाले. माझ्या भाकरींचा नैवेद्य घरी देवापुढं दाखवून झाला होता, पान देव्हाऱ्यातच राहिलं होतं. या अजून तशाच होत्या. देवळाच्या आवारात तुळशीवृंदावन आहे. मी पायांतल्या चपला काढल्या, वृंदावनाला हात जोडले, आणि माझा हात पानांकडे गेला. एकेका भाकरीवर एकेक पान ठेवलं. मग ढिगाशी गेले आणि टोपलं उपडं केलं.

ओतताना पानं गळून पडतील असंही मनात आलं नाही, आणि चिकटतील असंही नाही. काहीच आलं नाही मनात. कीर्तन सुरू होत होतं, टाळ वाजले, मी जाऊन बसले.

नंतरचं मला राजनंदिनीनं सांगितलं. ढिगाशी माझ्या सासूबाई बसतात, सुभद्राबाई. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. भाकरी मोजून-मापून पंगतीला सोडायचं काम त्यांचं. कीर्तनात अंजूनं राजनंदिनीच्या कानात सगळं सांगितलं होतं, तशी ती उठून तिथं गेली. तिच्या पोटात ती गोष्ट मावत नव्हती. गोष्टीतली पोरं जिंकली असं तिला वाटत होतं, आणि आपणही त्यातलेच.

"आजी, तुला एक गंमत सांगू का? आज अंजूच्या बी भाकरी आल्यात."

"कोण अंजू?"

"मंगलची. वस्तीवरची. काकूनं आणल्या, काकूच्या टोपल्यातून."

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांना रागावलेलं मी आजवर बघितलं नाही. त्यांनी ढिगावर नजर फिरवली. वरच्याच थरात काही भाकरींना हिरवी पानं चिकटून बसली होती. गावात दुसऱ्या कुणाच्याच भाकरीला पान नव्हतं.

"पोरींनो," त्या शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "तुळस लागलेल्या तेवढ्या बाजूला काढा गं. देवाच्या हायेत त्या. गाईला घाला."

कीर्तन संपलं, पुंडलिकाचा गजर झाला. वाढायला जावं म्हणून मी पदर खोचून मागं गेले, तर कढईपलीकडं लिंबाखाली गाय बांधलेली होती आणि तिच्यापुढं एका घमेल्यात भाकरी होत्या. गाय शांतपणे खात होती. एक पान तिच्या ओठाला चिकटलं होतं. जिभेनं तिनं ते आत घेतलं.

मी आत्याबाईंकडं गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. "आत्याबाई, त्या भाकरी…" एवढंच म्हणाले.

"गाईच्या मुखात गेल्या," त्या हळू म्हणाल्या. त्याही हळूच बोलतात. "तेहतीस कोटी देव हायेत तिच्यात. पंगतीत गेल्या असत्या तर एकादं माणूस जेवलं असतं. आता सगळे देव जेवले. सांग, याच्याहून चांगली जागा कुठली?"

त्यांनी जे शब्द वापरले ते सगळे माझेच होते. मी स्वतः रोज पहिली भाकरी गाईला घालते. याच्यातला कुठला शब्द खोटा आहे ते मला बोट ठेवून दाखवता येईना, आणि सगळं मिळून जे झालं होतं ते मला समोर दिसत होतं.

माझे मालक बद्रीनाथराव सप्ता कमिटीचे अध्यक्ष. ते माईक हातात घेऊनच आले. "काय झालं? पंगत खोळंबली का?"

"काई न्हाई रे," आत्याबाई म्हणाल्या. "गाईला घास दिला."

त्यांनी गाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं. चटकन कळतं त्यांना. "वाढायला घ्या," म्हणाले आणि पंगतीकडं वळले. लाऊडस्पीकरवर त्यांचा आवाज आला, सगळ्यांनी सावकाश जेवावं, कुणी उपाशी जाऊ नये.

शेवटच्या पंगतीला वस्ती बसली. मी भाकरी वाढत होते. अंजू तिच्या आईशेजारी बसली होती. तिच्या पानात मी भाकरी ठेवली तेव्हा तिनं ती उलटून बघितली, दुसऱ्यांच्या पानांतल्या बघितल्या. स्वतःची भाकरी तिनं त्या ढिगातही ओळखली असती.

राजनंदिनी पाण्याचा जग घेऊन आली. "अंजू, तुझ्या भाकरी गाईनं खाल्ल्या. सगळ्यांत जास्त पुण्य तुलाच लागलं, आजी म्हणली."

अंजूनं पाणी घेतलं. "गाईला तर आमी रोजच घालतो," ती म्हणाली. मग माझ्याकडं मान वर करून बघितलं. "काकू, तुमी खाल्ली का?"

"नाही बाळा."

"एक बी न्हाई?"

"नाही."

मी खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं का, कोण जाणे. तिनं पानातलं सगळं खाल्लं, काही टाकलं नाही. हात धुऊन आली आणि माझ्याकडून तिचं फडकं मागून घेतलं. झटकलं, घडी केली, पुन्हा एक घडी केली.

अंजूची आई मंगल मागं रेंगाळली. तोडीनं हात काळे पडले होते, मनगटावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. "वैनी, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"तुमी चांगल्या हाव. पर तुमी गोष्ट सांगून घरी जाता. ही मला रातभर सांगत बसती. त्या पोरांनी असं केलं, तसं केलं. तिला वाटतंय, पुस्तकात झालं तसं हितंबी व्हतंय." तिनं पदर डोक्यावर ओढला. "आज दोनदा चुलीम्होरं बसली व्हती. पहिल्या भाकरी जरा करपल्या म्हणून पुन्हा केल्या. आता पुढं काई करू नका बाई."

"मी काय करणार मंगल?" मी म्हणाले. हे मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिनंही तसंच ऐकलं.

संध्याकाळी घरी बद्रीनाथराव ओट्यावर बसले होते. घसा बसला होता. मी गरम पाणी नेऊन दिलं.

"अगं, वाच तू," ते म्हणाले. "मी कधी आडवलंय का? पर देवादिकांच्या गोष्टी वाच. तिकडचं तिकडं. त्यांचं गोरं-काळं आपल्याकडं कशाला आणायचं?"

"आपल्याकडं होतंच ते."

"काय व्हतं? वस्तीला समाजमंदिर कुणी आणलं? रस्ता कुणी केला? मीच ना?"

"हो."

"मग?"

रस्ता त्यांनीच केला होता. त्याच रस्त्यानं अंजू भाकरी घेऊन आली होती.

"निवडणूक तोंडावर हाय," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "आज काई वरडाआरड झाली न्हाई, आईनं नीट निभावलं. अजून काय पाहिजे?"

राजनंदिनी आतल्या उंबऱ्यावर ऐकत बसली होती. मी स्वयंपाकघरात गेले तशी मागं मागं आली.

"काकू, त्यांना पुढं दिली का कॉफी?"

"दिली."

"कधी?"

"लई दिवसांनी. थंडीत बसले होते, उन्हाळा आला."

"तवर बसूनच व्हते?"

"यायचे, बसायचे, उठून जायचे. पुन्हा यायचे. त्यांच्या अंगावर लोक काहीबाही ओतायचे."

ती माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी चांगलं म्हणून सांगितलं आजीला."

"मला ठाऊक आहे."

"अंजू येईल का रविवारी?"

"माहीत नाही बाळा."

"मी गेले तिला बोलवायला तर?" आणि मग स्वतःच म्हणाली, "आजी न्हाई जाऊ देणार."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या गोष्टीची चित्रं तिला पाठ होती. स्टूल, टेबल, पोरांचे कोट. ज्या बायका त्या टेबलामागं कपबशा पुसत उभ्या असतील, ज्यांना कॉफी देता आली असती, त्यांचं त्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. आपण कुणाला कुठल्या बाजूला उभं करून गोष्ट सांगत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवे लागले. मी हातपाय धुऊन देवापुढं समई लावली आणि माळ घेऊन बसले. माळ पुरी झाली पण मन लागलं नाही. उठले तेव्हा आत्याबाईंनी माझं पान वाढून ठेवलं होतं. सकाळच्या महाप्रसादातली आमटी, दोन भाकरी, बुंदी.

"ये," त्या म्हणाल्या. "दिवसभर उपाशी हायेस. राबलीस लई. प्रसाद हाय, बस."

मी पानापुढं बसले. भाकरीला हात लावून कपाळाला लावला. प्रसादाला नाही म्हणू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं. घास तोडला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. आत्याबाईंनी पुन्हा कधी विषय काढला नसता, मालकांनी काढला नसता, मंगलनं तर नकोच म्हटलं होतं. एका घासाचा प्रश्न होता.

मी पानावर ताट झाकलं.

"का गं?"

"उद्या सकाळी गाईला घालीन आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांना ते लागलं की नाही, सांगता येत नाही. मी लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, दुसरं काही सुचलं नव्हतं. "आन् तू काय खाशील?"

"शब्द दिलाय एका ठिकाणी."

त्यांनी कुणाला ते विचारलं नाही. मला वाटतं विचारलं असतं तर माझं बळ गेलं असतं. त्या समईची वात सारायला वळल्या.

मी मागच्या दारानं अंगणात आले. मंगलनं पुढं काही करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि तेही बरोबरच होतं. मी वस्तीवर गेले म्हणून पुढल्या सप्त्याला ढिगात त्यांची भाकरी पडणार नव्हती. अंजूला मी दारात नको असेन. भाकरी उरल्याही नसतील, आज पुन्हा चूल पेटवायला कुणाला त्राण असेल? आणि कुणी बघितलं तर उद्या बोल त्यांनाच लागेल, मला नाही. हे सगळं मला दिसत होतं आणि यातलं काहीच मला बदलता येत नव्हतं. एवढंच होतं की ती पोर कुठंतरी बसून समजत असेल, काकूनं आतापर्यंत जेवून घेतलं असेल.

अंगणातल्या तुळशीपाशी पाय थांबला. हात सवयीनं पुढं गेला. तिन्हीसांजेनंतर तुळस तोडत नाहीत. पण सकाळ असती तरी आज पान घ्यायचं नव्हतं. मी हात मागं घेतला, चपला पायांत सरकवल्या, फाटकाची कडी वाजू नये म्हणून अलगद वर उचलली आणि वेशीकडं चालू लागले.